मुंबईहून निघालेले रुपये अटलांटिकच्या तळाशी कसे गेले

नाशिकच्या सराफ बाजारात जुना राणीछाप रुपया तराजूत टाकला आणि तो फार झिजलेला नसला, तर बरोबर एक तोळा भरतो. ११.६६ ग्रॅम; बारा भागांत अकरा भाग चांदी, एक भाग हिणकस. असे चांदीचे रुपये, सुमारे शंभर टन, दोन हजार पेट्यांत भरून १ ऑक्टोबर १९४२ रोजी मुंबई बंदरातून इंग्लंडकडे निघाले. सव्वा महिन्याने ते दक्षिण अटलांटिक महासागरात पाच किलोमीटर खोल गेले. जहाजाचं नाव 'सिटी ऑफ कैरो'. ते बुडवलं 'यू-६८' या जर्मन पाणबुडीने.

ही हकिगत बहुतेक ठिकाणी खजिन्याची म्हणून सांगितली जाते, कारण तो माल पुढे सत्तर वर्षांनी वर काढला गेला. खजिना ऐकायला बरा वाटतो. मला मात्र या जहाजाकडे वेगळ्या कारणासाठी बघावंसं वाटतं. 'पाणबुडीने व्यापारी जहाज बुडवलं' हे आपण इतिहासात एका ओळीत वाचून पुढे जातो, आणि डोळ्यांसमोर येतो तो एक धमाका. प्रत्यक्षात टॉर्पेडोचा धमाका हा त्या सगळ्या प्रकारातला सर्वांत छोटा भाग असतो. जहाज हरतं ते त्याच्या कितीतरी आधी, वेग आणि अंतराच्या हिशोबात. माणसं मरतात ती बरीचशी नंतर, उघड्या होडीत, पाण्यावाचून. 'सिटी ऑफ कैरो'त हे दोन्ही इतकं स्वच्छ दिसतं की एकट्या या जहाजावरून सगळा विषय समजावून सांगता येतो.

आधी चांदीचं

नाशिककराला पडणारा पहिला प्रश्न असा की युद्ध ऐन भरात असताना एवढे रुपये देशाबाहेर का चालले होते? उत्तराचा अर्धा भाग नाशिकरोडला आहे.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि इथे लोकांची गाळण उडाली. इंग्रज हरले तर त्यांच्या कागदी नोटेला कोण विचारणार, हा विचार अगदी व्यवहारी होता. लोक नोटा देऊन चांदीचे रुपये घेऊ लागले आणि घरात पुरून ठेवू लागले. सरकारने मग दोन गोष्टी केल्या. गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरवला, आणि एक रुपयाची नोट चलनात आणली. पाठोपाठ नव्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. जुने शुद्ध रुपये टप्प्याटप्प्याने बाद होत गेले: व्हिक्टोरिया राणीचे १९४१ मध्ये, सातव्या एडवर्डचे १९४२ मध्ये, पंचम आणि सहाव्या जॉर्जचे १९४३ मध्ये. लोकांनी ते खजिन्यात भरायचे आणि बदल्यात कागद किंवा हलकी नाणी घ्यायची.

तो कागद कुठे छापला जाई? नाशिकला. इथला छापखाना १९२५ मध्ये तिकिटांपासून सुरू झाला आणि १९२८ पासून नोटाही छापू लागला. त्याआधी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडमध्ये छापून बोटीने यायच्या. पहिल्या महायुद्धात एक रुपयाची नोट काढावी लागली तेव्हा तीही अशीच समुद्रावरून आली होती. दुसऱ्या महायुद्धात हा छापखाना इथे नसता, तर रुपयाच्या नोटांची बंडलंही त्याच पाणबुड्यांच्या तोंडून आणावी लागली असती.

थोडक्यात, रुपयाच्या जागी कागद आला आणि धातू मोकळा झाला. ब्रिटनला तो हवा होता. गंमत अशी की चांदी एका दिशेने जात असतानाच दुसऱ्या दिशेने येतही होती. पुढे टंचाई झाल्यावर अमेरिकेने हिंदुस्थानला २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी दिली, तीही जहाजांनीच. युद्धाचं अर्थकारण असं दोन्ही हातांनी चालतं.

मुंबई ते इंग्लंड, पण लांबून

सुएझ कालव्यातून गेलं तर मुंबई ते लंडन हा सव्वासहा हजार सागरी मैलांच्या आसपासचा प्रवास. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरला आणि भूमध्य समुद्र साध्या व्यापारी जहाजांना जवळपास बंदच झाला. राहिला वास्को द गामाचा रस्ता: आफ्रिकेला पूर्ण वळसा. तो साडेदहा हजार मैलांच्या वर जातो. म्हणजे त्याच जहाजाला, त्याच कोळशात आणि त्याच खलाशांत, वर्षाला कमी फेऱ्या. एकही बॉम्ब न टाकता शत्रूने तुमच्या जहाजांची संख्या कमी करून टाकली, असा त्याचा अर्थ. युद्धातलं हे नुकसान कुठल्याच यादीत दिसत नाही, म्हणून ते सांगायचं राहून जातं.

'सिटी ऑफ कैरो' १९१५ साली इंग्लंडमध्ये बांधलेली, आठ हजार टनांची, कोळशावर चालणारी. हे टन वजनाचे नव्हेत. जहाजाच्या आतली बंदिस्त जागा मोजायचं ते माप आहे, शंभर घनफूट म्हणजे एक टन. एरवी बातम्यांत 'पाणबुड्यांनी इतके लाख टन बुडवले' असं येतं तेही हेच टन. जहाजाचा वेग जास्तीत जास्त बारा नॉट, म्हणजे ताशी बावीस किलोमीटर. भट्ट्या सत्तावीस वर्षं जुन्या, धूर भरपूर.

मुंबईहून ते डर्बनला आणि तिथून केपटाऊनला गेलं. ते वाटेत असतानाच, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, केपटाऊनजवळ जर्मन पाणबुड्यांच्या एका टोळीने अचानक जहाजं बुडवायला सुरुवात केली होती. तोवर त्या भागाला बऱ्यापैकी सुरक्षित समजत. टोळीचं सांकेतिक नाव 'आइसबेअर', म्हणजे ध्रुवीय अस्वल. यू-६८ त्यातलीच. १ नोव्हेंबरला 'सिटी ऑफ कैरो'ने केपटाऊन सोडलं. आधी किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे जायचं, मग पश्चिमेला वळून ब्राझीलचं रेसिफे गाठायचं आणि तिथून इंग्लंड. एकटं. सोबतीला एकही युद्धनौका नाही.

पाणबुडी फार वेळ पाण्याखाली नसते

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सिनेमात पाणबुडी सतत खोल पाण्यातून सरकत असते. आजच्या अणुइंधनावरच्या पाणबुड्या तसं करू शकतात. १९४२ ची पाणबुडी म्हणजे खरं तर पाण्यावरून चालणारी बोट, गरज पडेल तेव्हा बुडी मारणारी. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून इंजिन चालतं ते फक्त पृष्ठभागावर. खाली गेलं की सगळा भार बॅटरीवर.

यू-६८ ज्या प्रकारची होती त्या पाणबुड्या वरून अठरा नॉटने धावायच्या, पाण्याखाली जेमतेम सात. तेही थोडाच वेळ. अगदी हळू, चार नॉटने गेलं तरी साठ-पासष्ट सागरी मैलांत बॅटरी संपायची. मग वर येऊन इंजिन चालवून ती भरून घेणं आलं.

आता हे आकडे जहाजाच्या बारा नॉटशेजारी ठेवा. पाण्याखालून पाणबुडी या जहाजाला कधीच गाठू शकत नाही. पाण्यावरून आरामात गाठते. त्यामुळे पद्धत ठरून गेलेली: दिवसा क्षितिजावर धूर शोधायचा. धूर दिसला की जवळ जायचं नाही. फक्त तो धूर दिसेल एवढ्या अंतरावर राहून पृष्ठभागावरून मोठा वळसा घ्यायचा, जहाजाच्या पुढे निघून त्याच्या वाटेवर येऊन थांबायचं आणि अंधार पडला की नेम धरायचा. पाणबुडी पाण्याला लागून, बुटकी, धूर जवळपास नसलेली. ती जहाजावरून दिसत नाही. जहाजाचा काळा धूर मात्र तिला जहाजाच्या कितीतरी आधी दिसतो.

'सिटी ऑफ कैरो'चा घात त्या धुरानेच केला. जहाजाचा वेग अठरा नॉट असता तर धूर दिसूनही काही बिघडलं नसतं. पाणबुडीला पुढे निघताच आलं नसतं. 'क्वीन मेरी'सारखी प्रवासी जहाजं हजारो सैनिक घेऊन युद्धभर एकटी फिरली ती याच बळावर. त्यांचा वेग तीस नॉटच्या आसपास होता.

मग ताफ्यात का नाही पाठवलं?

हळू जहाजांसाठी उपाय होताच: ताफा करून जायचं, भोवती युद्धनौका. ऐकणाऱ्याला वाटतं, चाळीस जहाजं एकत्र म्हणजे शत्रूला आयतंच घबाड. उलट आहे. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी निघालेले शंभर वारकरी एकेकटे सुटे चालले, तर रस्त्याच्या कडेला बसलेल्या माणसाला दिवसभर कुणी ना कुणी दिसत राहील. तेच शंभर एका दिंडीत गेले तर एकदाच काय ते दिसतील, आणि तो नेमका तेव्हा चहा प्यायला आत गेला असेल तर एकही दिसणार नाही. महासागर इतका मोठा आहे की चाळीस जहाजांचा ताफा एका जहाजापेक्षा फारसा सोपा सापडत नाही. आणि सापडला तरी पाणबुडीकडे टॉर्पेडो मोजकेच, वेळ मोजका, वर युद्धनौका मागे लागलेल्या.

दुसरं गणित आणखी मजेचं आहे. ताफ्यातली जहाजं चौपट केली तर त्याने व्यापलेलं क्षेत्र चौपट होतं, पण कड फक्त दुप्पट होते. पहारा द्यायचा असतो कडेवर. म्हणजे मोठ्या ताफ्याला जहाजामागे कमी युद्धनौका पुरतात. शाळेतल्या भूमितीचा हा साधा निष्कर्ष ब्रिटिश नौदलाला मनापासून पटायला १९४३ उजाडलं. पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटाने नोंदी तपासून तो गळी उतरवला. तोवर मोठा ताफा धोक्याचा, हीच समजूत.

तरीही 'सिटी ऑफ कैरो'च्या बाबतीत अडचण गणिताची नव्हती, नौकांची होती. त्या घडीला मित्रराष्ट्रं उत्तर आफ्रिकेत सैन्य उतरवायच्या तयारीत होती. ८ नोव्हेंबरला ते उतरलं. मिळेल ती संरक्षक नौका तिकडे ओढली गेली होती. दक्षिण अटलांटिकसाठी उरलं काय? परिणाम आकड्यांत दिसतो. नोव्हेंबर १९४२ मध्ये पाणबुड्यांनी सात लाख टनांहून जास्त जहाजं बुडवली, सबंध युद्धातला हा सर्वांत वाईट महिना. शंभर टन चांदी घेतलेल्या जहाजालाही पहारेकरी मिळाला नाही.

६ नोव्हेंबर, रात्री साडेआठ

पहिला टॉर्पेडो लागला तेव्हा जहाजावर तीनशे अकरा माणसं होती: खलाशी, अधिकारी आणि प्रवासी. प्रवाशांत बायका होत्या, लहान मुलं होती.

टॉर्पेडो पाण्याखालून जातो आणि पाण्याच्या रेषेखाली फुटतो, यातच त्याचं सगळं बळ आहे. हवेत फुटलेल्या स्फोटाचा जोर चहूकडे पांगतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे तोच जोर सरळ जहाजाच्या पत्र्यावर जातो. भोक पडतं ते खोलीएवढं, आणि ते अशा जागी की तिथून समुद्र आपसूक आत येतो. जहाज किती वेळ टिकणार हे मग मालावर ठरतं. लाकूड भरलेलं जहाज तासन्‌तास तरंगतं. लोखंड किंवा नाणी भरलेलं, भरलेल्या भागात पाणी शिरलं की संपलं.

'सिटी ऑफ कैरो' पहिल्या टॉर्पेडोने लगेच बुडालं नाही. पाणबुडीचा कप्तान कार्ल-फ्रीडरिश मेर्टेन थांबला. लोकांना होड्यांत उतरायला साधारण वीस मिनिटं मिळाली, मग त्याने दुसरा टॉर्पेडो सोडला. जहाज गेलं. त्यानंतर त्याने पाणबुडी होड्यांजवळ आणली, जहाजाचं नाव विचारलं, जमीन कुठल्या बाजूला आहे ते सांगितलं आणि निघताना म्हणाला, शुभ रात्री, तुमचं जहाज बुडवलं त्याबद्दल माफ करा.

हे वाक्य पुढे फार गाजलं. सभ्य शत्रू वगैरे. मेर्टेन क्रूर नव्हता हे खरंच, वीस मिनिटांनी शेकडो जीव वाचले हेही खरं. जहाज बुडताना आणि उतरताना मिळून सहाच माणसं गेली. पण एकूण बळींची संख्या आहे १०४. उरलेली अठ्ठ्याण्णव माणसं त्या सभ्य निरोपानंतर मेली. तेव्हा त्या वाक्याचं कौतुक किती करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मला ते फार करवत नाही.

सहा होड्या

सर्वांत जवळची जमीन सेंट हेलेना बेट. नेपोलियनला ठेवलं होतं तेच. अंतर साडेआठशे-नऊशे किलोमीटर, उत्तरेला. नाशिकहून सरळ रेषेत बंगळूर जितकं, तितकं. आफ्रिकेचा किनारा सुमारे दोन हजार किलोमीटर, ब्राझील साडेतीन हजारांच्या वर. आणि बेट केवढं? नाशिक महापालिकेच्या हद्दीच्या निम्म्याहूनही लहान. उघड्या होडीतून, शिडाच्या आणि वल्ह्यांच्या जोरावर, तेवढा ठिपका गाठायचा.

समुद्रात आपण उत्तर-दक्षिण कुठे आहोत हे दुपारी सूर्याची उंची मोजून कळतं. त्याला सेक्स्टंट नावाचं यंत्र आणि थोडं कसब पुरतं. पूर्व-पश्चिम कुठे आहोत हे कळायला अचूक वेळ लागते. घड्याळ चार मिनिटं चुकलं तर हिशोब एका रेखांशाने, म्हणजे त्या भागात शंभर किलोमीटरच्या आसपास चुकतो. त्यात वारा. तिथे बारमाही आग्नेयेकडून वारा वाहतो आणि होडीला वायव्येकडे ढकलतो. बेटाच्या पश्चिमेला जरा जरी घसरलं, तर त्या वाऱ्याविरुद्ध होडी मागे आणता येत नाही. मग पुढे थेट ब्राझील.

पाणी माणशी दिवसाला काही घोट. भोवती एवढा समुद्र असताना तो का पीत नाहीत, असं लहान मुलं विचारतात, आणि प्रश्न चांगला आहे. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के मीठ असतं. आपलं मूत्रपिंड एवढं खारट मूत्र तयार करूच शकत नाही. दोन टक्क्यांच्या आसपास त्याची हद्द. म्हणजे एक पेला समुद्राचं पाणी प्यायलं तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला शरीराला पेल्याहून जास्त पाणी स्वतःचं घालवावं लागतं. तहान वाढते, मग भ्रम होतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो, कधी सरळ समुद्रात उतरून चालू पाहतो. दिवसा वरून ऊन आणि रात्री भिजलेल्या कपड्यांत गारठा. पायांना सूज, खाऱ्या पाण्याने चिघळलेल्या जखमा. अशात मरण एकदम येत नाही, होडीतली माणसं रोज एक-दोन कमी होत जातात.

होड्या एकत्र राहायचा प्रयत्न करत होत्या, पण रात्रीत फाटाफूट झाली. १९ नोव्हेंबरला, तेराव्या दिवशी, 'क्लॅन अल्पाइन' या जहाजाला त्यातल्या तीन होड्या दिसल्या आणि दीडशेच्यावर माणसं सेंट हेलेनाला पोचली. आणखी एका होडीतली सत्तेचाळीस माणसं 'बेंडोरान' या जहाजाने उचलून केपटाऊनला नेली. इथपर्यंत हिशोब बरा म्हणायचा.

पाचवी होडी बेट चुकली. १२ डिसेंबरला, म्हणजे छत्तिसाव्या दिवशी, ती एका जहाजाला सापडली तेव्हा तीनच जण जिवंत होते. ते जहाज निघालं जर्मन: 'राकोटिस', नाकेबंदी चुकवून फ्रान्सकडे चाललेलं. तिघांपैकी एक बाई जहाजावरच गेली. उरलेल्या दोघांना घेऊन 'राकोटिस' युरोपजवळ पोचलं आणि १ जानेवारी १९४३ ला ब्रिटिश युद्धनौकेने त्यालाच गाठलं. ते बुडालं. दोघेही पुन्हा होड्यांत! एक जण स्पेनच्या किनाऱ्याला लागला. दुसऱ्याला एका जर्मन पाणबुडीने उचलून फ्रान्सला नेलं. वाचलेच दोघे. कादंबरीत कुणी हे लिहिलं असतं तर आपण अतिशयोक्ती म्हणून पान उलटलं असतं.

सहावी होडी वाऱ्याबरोबर पश्चिमेला वाहत गेली. २७ डिसेंबरला ब्राझीलच्या नौदलाच्या एका छोट्या युद्धनौकेला ती दिसली. एक्कावन्न दिवस झाले होते. किनारा आता फार लांब नव्हता. त्या होडीत दोघंच उरली होती, जहाजाचा तिसरा अधिकारी आणि एक प्रवासी बाई. अधिकाऱ्याला काही आठवड्यांनी दुसऱ्या जहाजाने मायदेशी रवाना केलं. मार्च १९४३ मध्ये ते जहाजही पाणबुडीने बुडवलं आणि त्यातलं कुणीच वाचलं नाही. त्या बाईने युद्ध संपेपर्यंत अटलांटिक ओलांडायला साफ नकार दिला होता. ती जगली.

भट्टीपाशी कोण होतं

ब्रिटिश झेंड्याखालच्या अशा जहाजांवरचे बरेच खलाशी हिंदुस्थानी असत. इंग्रज त्यांना 'लॅस्कर' म्हणत. युद्ध सुरू झालं तेव्हा असे खलाशी चाळीस-पन्नास हजार होते. मुंबईहून भरती होताना वाटणी साधारण ठरलेली: डेकवर कोकणातले आणि गुजरातचे, सारंगाच्या म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या हाताखाली, खाली भट्टीवर कोळसा टाकणारे आगवाले बहुधा पंजाब आणि सरहद्दीकडचे, स्वयंपाक आणि वाढपात गोवेकर. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथाई ते तिहाई. युद्ध पेटल्याबरोबर १९३९ मध्ये त्यांनी जागोजागी संप केले ते उगीच नाही. टॉर्पेडो लागतो तो पाण्याच्या रेषेखाली, आणि आगवाल्याची जागाही तिथेच.

देवळालीच्या छावणीत मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत बसलेले गोरे सोल्जर नाशिककरांच्या आठवणींत आहेत, त्यांच्यावर विनोदही आहेत. त्या बोटी चालवणारी माणसं मात्र आपल्या आठवणीत नाहीत. रत्नागिरी आपल्यापासून लांब नाही, तरी.

नियम होता, पाळला गेला नाही

व्यापारी जहाज न सांगता बुडवणं चालत असे का? कागदावर तरी नाही. १९३६ च्या लंडन कराराप्रमाणे पाणबुडीने आधी जहाज थांबवायचं, तपासायचं आणि बुडवायचंच झालं तर माणसांना आधी सुरक्षित जागी पोचवायचं. उघड्या समुद्रातली होडी ही सुरक्षित जागा नव्हे, असंही त्यात होतं. जर्मनीनेही हे मान्य केलं होतं. पण व्यापारी जहाजांवर तोफा बसल्या, पाणबुडी दिसताच बिनतारी संदेश धाडायचे हुकूम झाले, आणि पृष्ठभागावर येऊन चौकशी करणं पाणबुडीला जिवावरचं झालं. नियम युद्धाच्या पहिल्या काही महिन्यांतच मोडला.

सप्टेंबर १९४२ मध्ये आणखी एक प्रकरण झालं. यू-१५६ ने 'लॅकोनिया' हे जहाज बुडवलं. त्यात इटलीचे युद्धकैदी होते. पाणबुडीच्या कप्तानाने रेड क्रॉसचा झेंडा लावून होड्या ओढायला घेतल्या, तर अमेरिकन विमानाने त्याच्यावरच बॉम्ब टाकले. लगेच जर्मन पाणबुडीदलाचा प्रमुख कार्ल ड्योनिट्स याने हुकूम काढला: यापुढे बुडालेल्यांना वाचवायचा कसलाही प्रयत्न नको. मेर्टेनने दिशा सांगितली ती या हुकमानंतर दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा. युद्धानंतर न्यूरेंबर्गला, युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात, ड्योनिट्सला दहा वर्षांची शिक्षा झाली. पण न सांगता जहाजं बुडवल्याबद्दल ती धरली गेली नाही. अमेरिकेचे ॲडमिरल निमिट्झ यांनीच लेखी सांगितलं होतं की पॅसिफिकमध्ये आम्हीही पहिल्या दिवसापासून हेच केलं.

चांदी कुणाची?

२०११ मध्ये 'डीप ओशन सर्च' या कंपनीने ब्रिटिश सरकारशी करार करून जहाज शोधलं. ५,१५० मीटर खोल; 'टायटॅनिक'ही याहून तेराशे मीटर वर आहे. तिथे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर अर्ध्या टनाहून जास्त दाब. माणूस जाणं शक्यच नाही, सगळं काम वरून चालवलेल्या यंत्रांचं. २०१३ मध्ये नाण्यांचा बराच भाग वर आला, २०१५ मध्ये बातमी जाहीर झाली आणि किंमत सांगितली गेली सुमारे ३.४ कोटी पौंड. कायद्याने माल ब्रिटिश खजिन्याचा, म्हणून पैसे सरकार आणि कंपनी यांच्यात वाटले गेले. नाणी बहुतेक वितळवली. ८०-८५ लाख रुपये भरले असते ते, सगळे पूर्ण रुपये धरले तर. तसल्या रुपयांची घडण नीट बघायची तर त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीची नाणेसंशोधन संस्था आहे.

अशा मालावर हक्क कुणाचा हा प्रश्न दर वेळी इतक्या सहज सुटत नाही. त्याच महिन्यात, २३ नोव्हेंबर १९४२ ला, मुंबईहून मोंबासाकडे निघालेली 'तिलावा' जपानी पाणबुडीने अरबी समुद्रात बुडवली. २८० माणसं गेली. तिच्यावरच्या चांदीच्या २,३६४ लगडी दक्षिण आफ्रिकेने नाणी पाडायला विकत घेतल्या होत्या. २०१७ मध्ये एका कंपनीने ती चांदी वर काढली आणि मोबदल्यासाठी दावा लावला. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला: परक्या सरकारच्या मालाबद्दल असा दावा इथे चालणार नाही.

बुडालेल्या हिंदुस्थानी खलाशांची नावंही कुठे आहेत का, असं कुणाला वाटेल. आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे साडेसहा हजार नाविकांची नावं असलेली नोंदवही मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये ठेवलेली आहे; तशीच एक प्रत चितगावला. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावरही जहाजाच्या नावाने शोधता येतं. घरातलं कुणी शोधायचं असेल तर आडनावाने शोधू नका, त्या काळी बहुतेकांची आडनावं लिहिलीच जात नसत. माणसाचं नाव, वडलांचं नाव आणि जहाज, एवढं माहीत असलं तर सापडायची शक्यता चांगली. इंग्रजी स्पेलिंग मात्र दोन-तीन तऱ्हांनी करून बघा.